लोकवर्गणीच्या राईत मुलांना लाकूडकाम आणि रानातली कामं शिकवायची आहेत – क्रम, हत्यारं, लाकूड याबद्दल सल्ला हवा

टेकडीवरचा

पुण्याच्या पश्चिमेला डोंगरउतारावर लोकवर्गणीतून राखलेली सव्वादोन एकर जागा आहे. खाजगी मालकीची, मालकांची लेखी परवानगी आहे. महापालिका हद्दीबाहेर, पण वरच्या अंगाला वनखात्याची हद्द लागते. कुंपणाला गिरिपुष्प, मधे सुबाभूळ, मानवेल बांबूची दोन बेटं, एक आंबा, बाकी करवंद आणि घाणेरी.

नोव्हेंबरपासून सहा रविवार, रोज तीन तास. मुलं २४, वय १० ते १४. मोठी माणसं सहा, त्यातल्या दोघांना सुतारकाम येतं. डोक्यात असलेला क्रम असा: पहिल्या रविवारी लाकडी चमचा, दुसऱ्या रविवारी लाकडावर लाकूड घासून आग, मग दोर, गाठी, ताडपत्रीचा निवारा.

प्रश्न: क्रम बरोबर आहे का? सुऱ्या कोणत्या आणि किती? आणि जागेवरचं कुठलं लाकूड चालेल?

---

सुतारपक्षी

क्रम उलटा आहे. चमचा शेवटी आणि घर्षणाची आग यादीतून बाद.

चमच्यात खोलगट भाग येतो. त्याला वाकडी सुरी लागते आणि ती सुरी अंगाकडे ओढावी लागते. ज्या मुलाने अजून सरळ काडीला टोक काढलेलं नाही, त्याच्या हातात ती द्यायची नाही. पहिलं काम तंबूची खुंटी. पंचवीस सेंटिमीटर लांब, अंगठ्याहून किंचित जाड काडी. एका टोकाला चार बाजूंनी तासून टोक, दुसऱ्या टोकाच्या कडा गोल (न केल्यास ठोकताना चिरफळ्या उडतात), आणि वरून चार-पाच सेंटिमीटर खाली दोर अडकायला खाच. खाच दोन सेंटिमीटरवर घेतली की दोराला ताण येताच वरचा तुकडा लाकडाच्या रेषेच्या (तंतूंच्या) दिशेने सुटून येतो. मुलं हे हमखास करतात. एक खुंटी मुद्दाम तशी करून त्यांच्यासमोर तोडून दाखवा, सांगत बसू नका. एका खुंटीत तीन प्रकारचे काप येतात आणि निवाऱ्याच्या दिवशी तीच खुंटी वापरायला मिळते.

लाकूड ओलं हवं, त्याच सकाळी तोडलेलं. खुंटीला गिरिपुष्प उत्तम. दरवर्षी छाटतात त्यामुळे सरळसोट फांद्या मिळतात आणि ओलं असताना सुरी लोण्यातून गेल्यासारखी जाते. पण त्याच्या सालीत आणि बियांत विष आहे (उंदीरमारी हे नाव उगाच नाही), म्हणून चमचा, कबाबाची काडी, तोंडाशी जाणारं काहीही त्याचं करायचं नाही. कण्हेर तर जवळही नको. सुबाभूळ ओलं असेतो बरं, वाळलं की पोरांच्या मनगटाचं काम नाही. तोडलेल्या फांद्या ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवल्या तर तीन दिवस टिकतात. उन्हात ठेवल्या तर दुपारपर्यंत टोकांना भेगा.

चमच्यासाठी वखारीतून शिवण आणा. हलकं, फारसं न वाकणारं, वाळलेलं असलं तरी तासता येतं. काळा कुडा मिळाला तर सोनंच; चन्नपट्टणची खेळणी त्याच लाकडाची होतात. फांदीपासूनच करायचा हट्ट असेल तर फांदी मधोमध फाडा आणि गाभा काढून टाका. लाकूड वाळताना गाभ्याकडून सालीकडच्या दिशेपेक्षा वलयांच्या दिशेने साधारण दुप्पट आटतं, त्यामुळे गाभा आत राहिला की चमचा तडकणारच, कितीही तेल लावा.

सुऱ्यांचं: पातं आठ सेंटिमीटरच्या आसपास, न मिटणारं, मुठीपर्यंत पोलाद गेलेलं. स्वीडनची मोरा मिळते, तिचं बोथट टोकाचं मॉडेल लहानांना चांगलं. नाहीतर लोहाराकडून ट्रकच्या पाट्याच्या पोलादाची करून घ्या, टोक गोल ठेवून. भाजीची सुरी नको. पातं लवतं आणि लाकडात अडकलं की मुलं ते हलवून काढतात, तिथेच बोट कापतं. सुऱ्या आठच घ्या. चोवीस नकोत, कारण पुढचा हिशेब.

---

गवतफुला

सुतारपक्षींशी सहमत, हिशेब मी पूर्ण करते. सुरीपाशी चार मुलांमागे एक मोठं माणूस, यात तडजोड नाही. तुमच्याकडे सहा माणसं. म्हणजे आठ-आठचे तीन गट: एक सुरीवर (दोन माणसं), एक दोरावर (दोन), एक ताडपत्री आणि झाडओळखीवर (दोन). चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी गट फिरवायचे. सलग तास झाला की मुलांची बोटं दमतात आणि कापण्याचे प्रकार दुसऱ्या अर्ध्या तासात होतात.

बसायची पद्धत आधी. कोपरं गुडघ्यांवर, लाकूड गुडघ्यांच्या पुढे. मांडीवर ठेवून तासायचं नाही, मांडीच्या आतल्या बाजूला मोठी रोहिणी आहे. बसण्याआधी मिटलेली सुरी हातात धरून हात लांब करून गोल फिरवायचा, कोणाला लागला तर सरकून बसायचं.

सर्वात उपयोगी काप हा: सुरीचा हात जागेवर स्थिर, लाकूड धरलेल्या हाताचा अंगठा पात्याच्या पाठीवर, आणि ढकलायचं त्या अंगठ्याने. सुरी दीड-दोन सेंटिमीटर जाते आणि आपोआप थांबते. खाच याच कापाने होते. मुलं घाईत सुरीच्या हाताने जोर लावतात, तेव्हा ढलपी जाड निघते आणि सुरी पुढे सटकते. ढलपी पातळ आणि कुरळी पडतेय ना, एवढंच बघत राहा.

हातमोजा फक्त लाकूड धरणाऱ्या हाताला, कापरोधक. सुरीच्या हाताला मोजा घातला की मूठ सरकते.

---

टेकडीवरचा

“मिटलेली सुरी” म्हणजे? सुरी तर न मिटणारी घ्यायची आहे ना?

---

गवतफुला

बरोबर पकडलंत. म्यानात घातलेली, असं वाचा.

---

काथ्याकूट

दोराबद्दल. विकतचा दोर गाठींसाठी ठेवा: सुती, आठ मिलिमीटर, प्रत्येकी दोन मीटर, दोन रंगांत. नायलॉन गुळगुळीत असतो, नवशिक्याची गाठ त्यात सुटते आणि चूक गाठीची की दोराची ते कळत नाही. क्लोव्ह हिच (खांबाला दोर बांधायची), बोलाइन (न आवळणारा फास) आणि ताण कमी-जास्त करता येणारी एक गाठ, तीन पुरे. रीफ गाठ पुडक्यांसाठी, वजन पेलणारे दोर तिने जोडू नयेत हेही तेव्हाच सांगा.

पण खरी मजा दोर वळण्यात. केळीचं सोपट अर्धा दिवस सुकवून, बोटभर पट्ट्या काढून, वळताना पुन्हा ओलसर करून द्या. पट्टी मधोमध दुमडू नका. एक तृतीयांशावर दुमडा, म्हणजे दोन्ही पदरांचे सांधे एकाच जागी येत नाहीत. वरचा पदर अंगापासून दूर पिळायचा, मग तो दुसऱ्या पदरावरून अंगाकडे आणायचा. आता जो वर आला तो पिळायचा. पिळ एकीकडे, वळण दुसरीकडे, म्हणूनच सोडला तरी दोर उलगडत नाही. दोन्ही एकाच दिशेला गेले तर हात काढताच सगळं सुटतं, मुलाला चूक आपली आपण कळते. पदर चार बोटं उरला की नवी पट्टी जोडायची.

वाख (घायपाताचे धागे) किंवा अंबाडी दुसऱ्या टप्प्यात. घायपाताची पानं ठेचताना चीक अंगाला लागला की खाज आणि चट्टे. ते काम मोठ्यांनी हातमोजे घालून, आदल्या दिवशी करून ठेवावं.

---

कळक

दोन बेटं बांबू असताना कोणीच बांबूचं नाव घेईना! २०१७ च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन अधिनियमातल्या ‘झाड’ या व्याख्येतून बांबू वगळला आहे, त्यामुळे वनाबाहेर खाजगी जागेतल्या बांबूला तोड-वाहतुकीचा परवाना लागत नाही. झाडांचं तसं नाही. जागा उद्या महापालिका हद्दीत आली तर १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम लागू होईल.

मानवेल जवळजवळ भरीव असतो. काठ्या, खुंट्या, निवाऱ्याची कमान याला अव्वल; पेला करायला पोकळ कळक हवा. तीन वर्षांचा बांबू निवडा: कोंबाची टरफलं गळालेली, पांढरी भुकटी गेलेली, सालीवर डाग धरलेले. कोवळा बांबू वाळून सुरकुततो आणि त्यात पिठूळ अंश जास्त म्हणून भुंगा लवकर लागतो. जमिनीलगतच्या पेराच्या अगदी वर कापा, नाहीतर खुंटाच्या वाटीत पाणी साठून कुजतं.

फाडताना बांबू खुंटाच्या बेचक्यात उभा रोवा, कोयता डोक्यावर ठेवा, लाकडी मोगरीने हाणा. बांबू हाताने धरायचा नाही. चीर एका बाजूला पळायला लागली तर जाड बाजू जास्त वाकवा, चीर मधे येते. ही युक्ती मुलांना जादूसारखी वाटते. फाडल्या फाडल्या कोयत्याच्या पाठीने कडा खरवडून घ्या. बांबूच्या सालीची कड पात्याइतकीच कापते, आणि बहुतेक जखमा कोयत्याने नाही, त्या कडेने होतात.

---

सुतारपक्षी

कळक, मान्य. बांबू पहिल्या रविवारी, खुंटी दुसऱ्या. कोयता मात्र मोठ्यांच्या हातात, मोगरी मुलांच्या.

---

टेकडीवरचा

आगीचं काय करू? मुलांना सर्वात जास्त हौस तिचीच.

---

काथ्याकूट

माझं मत: आग नकोच. वर वनखात्याची हद्द आहे, नोव्हेंबरनंतर गवत वाळत जातं. राखीव वनात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे, आणि ठिणगी हद्द ओळखत नाही.

---

गवतफुला

न शिकवलेली मुलं काडेपेटी घेऊन लपून शिकतात. पहिल्या तीन रविवारांतच उरका, डिसेंबरच्या आत. जमिनीवर नाही, तीन विटांवर लोखंडी घमेलं. भोवती तीन मीटर गवत खरवडून माती उघडी, दोन बादल्या पाणी, एक ओलं गोणपाट, आणि वारा सुटला तर रद्द. पेटवण आधी जमवायची: मूठभर काथ्या, मग काडेपेटीच्या काडीएवढं, करंगळीएवढं, अंगठ्याएवढं. मुलं थेट अंगठ्यावर उडी मारतात आणि धूर खात बसतात. पोकळ बांबूची बंद पेरं घमेल्यात टाकू नका, फटाक्यासारखी फुटतात. बिब्ब्याचं लाकूड जाळायचं नाही, धुराने अंग उततं.

पेटवण्याआधी आजूबाजूच्या उंच झाडांवर आणि कड्यावर आग्या मोहोळ आहे का बघा. असेल तर त्या दिवशी धूर नाही, चर्चा नाही.

चमच्याची वाटी कोरायला हीच आग वापरा. चिमट्याने निखारा लाकडावर ठेवायचा, फुंकणीने हळू फुंकायचं, जळालेलं खरवडायचं. कडेला ओली माती लावली की आग कडा खात नाही. वाकड्या सुरीची गरजच संपली, म्हणून चमचा शेवटी ठेवायचंही कारण नाही. शेवटी कच्चं जवसाचं तेल. पुसलेली फडकी गोळा करून टाकू नका, आपोआप तापून पेटतात. दोरीवर पसरून वाळवा.

---

कळक

लाकडाचा ढीग हाताने उपसायचा नाही, आधी काठीने हलवायचा, खाली फुरसं किंवा मण्यार असू शकते. दंश झाल्यास चिरणं नाही, बांधणं नाही. १०८ आणि सरकारी रुग्णालय. जवळच्या कोणत्या रुग्णालयात प्रतिसर्पविष आहे ते आजच विचारून ठेवा.

---

सुतारपक्षी

धारेचं राहिलं. बोथट सुरीला जोर लागतो आणि जोर लागला की ती सटकते. हजार नंबरचा दगड, पात्याचा उतार पूर्ण टेकवून, दोन्ही बाजूंना सारखे हात. गट बदलताना दर वेळी चामड्याच्या पट्ट्यावर दहा-दहा हात, पात्याची पाठ पुढे ठेवून. पाठ मागे राहिली तर पट्टाच कापला जातो.

सुऱ्यांवर १ ते ८ आकडे, मुठीला भगवी किंवा पिवळी चिकटपट्टी (तपकिरी मूठ पाचोळ्यात दिसत नाही), आणि आठ खाचांचा ठोकळा. एक खाच रिकामी दिसली तर गट हलत नाही.