ऐन शॉटला पॉकेटमागे उभं राहणाऱ्यांचं काय करायचं?
वर विचारलंय, पूल खेळताना (टेबलावर काठीने चेंडू पॉकेटात, म्हणजे कडेच्या भोकात, घालायचा खेळ) समोरचा ऐन शॉटला पॉकेटमागे येऊन उभा राहतो, काय करावं? गोव्यात म्हापशात आमचा एक भिडू असाच. मी वाकलो की याचा क्यूवर, म्हणजे काठीवर, खडू सुरू, कर्र कर्र. एकदा चिडून जोरात मारला, ज्याने बाकीचे मारायचे तो पांढरा चेंडूच पॉकेटात! झालं, पांढरा त्याच्या हातात, हवा तिथे ठेवायला मोकळा. हल्ली मी सरळ उठतो, खडू लावतो, पुन्हा वाकतो. फारच झालं तर हसून, "पात्रांव, मातसो कुशीक राव." (कोकणीत, बॉस, जरा बाजूला थांब.) बहुतेक जण ओशाळतात. जागतिक नियमांत मुद्दाम लक्ष विचलित करणं हा फाऊलच आहे. पण बारमधल्या टेबलाला पंच कुठला? आणि खरं सांगू, निम्म्यांना आपण आडवे आलोय हे ठाऊकच नसतं.