रूझवेल्ट हॉटेल बरबाद कोणी केलं?

हडसनकाठ
कालच्या धाग्यात कुणीतरी लिहिलं, 'निर्वासितांना ठेवून न्यूयॉर्कने रूझवेल्टसारखं शाही हॉटेल बरबाद केलं.' गप्प बसणार होतो, पण डोक्यातून जाईना. हॉटेल बंद पडलं 2020 मध्ये, कोविडात. मे 2023 मध्ये तिथे निवारा सुरू झाला, तोवर 1924 सालच्या त्या इमारतीतल्या हजारभर खोल्या बंद होत्या. ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या शेजारी! त्या तशाच ठेवायच्या होत्या का?

एकटा_मुसाफिर
लिहिणारा मीच. 2023 च्या उन्हाळ्यात त्याच हॉटेलबाहेर माणसं फुटपाथवर झोपली होती, ते विसरलात? आणि तेव्हा मालक कोण? पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्स. तीन वर्षांचा करार, 22 कोटी डॉलर, आमच्या करातून. मी 14 वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. एक नियम मोडला नाही. मला कोणी खोली दिली?

सुगरण
ग्रीन कार्डचा इथे काय संबंध? बेघराला निवारा द्यायचं या शहराने 1981 मध्ये कोर्टात कबूल केलंय, कॅलहन विरुद्ध कॅरी खटल्यात. मी तिथल्या कुटुंबांसाठी डबे नेत होते. एका बाईने डबा हातात घेण्याआधी विचारलं, 'काम मिळेल का?' आश्रयाचा अर्ज केल्यावर 150 दिवस कामाच्या परवान्याचा अर्जसुद्धा करता येत नाही. आधी हात बांधायचे, मग फुकट खातात म्हणायचं!

एकटा_मुसाफिर
हात माझ्या बायकोचेही बांधले होते. इंजिनिअर बाई, एच-4 वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या बायकोच्या व्हिसावर, सहा वर्षं घरात बसली. रोज संध्याकाळी दार उघडायची तेव्हा तिचा चेहरा मी बघितलाय. तिच्यासाठी कोण डबा घेऊन आलं? संबंध विचारू नका मला.

हडसनकाठ
एच-4 चा अन्याय मान्य. माझ्या बहिणीनेही तो भोगलाय. पण तो कायदा वॉशिंग्टनचा. त्याचा राग हॉटेलातल्या लेकरांवर का?

एकटा_मुसाफिर
लेकरांवर राग आहे असं मी कुठे लिहिलं? दाखवा.

जुनं_खोड
भांडा, पण हे पहिल्यांदा घडलेलं नाही. न्यूयॉर्कमधलंच हेरल्ड स्क्वेअरजवळचं मार्टिनिक हॉटेल 1973 ते 1988 बेघर कुटुंबांनी भरलेलं होतं. मी 1986 मध्ये जवळच्याच दुकानात कामाला होतो. स्वयंपाकाची सोय नाही, आया चोरून हॉटप्लेटवर दूध तापवायच्या. ही वेळ का आली? 1955 मध्ये शहराने एकखोली भाड्याच्या नव्या इमारतींवर बंदी घातली. पुढे जुन्यांचे फ्लॅट करायला करसवलत दिली. गरिबाला परवडणारी खोलीच संपवली, मग तोच गरीब ठेवायला हॉटेलवाल्यांना पैसे मोजले. मुसाफिर, तुमच्या 22 कोटींचा राग बरोबर आहे. पत्ता चुकलाय.

एकटा_मुसाफिर
हॉटेल आधीच बंद होतं, म्हणून 'बरबाद' हा शब्द मागे घेतो. तेवढाच. रांगेचं म्हणणं सोडणार नाही. निवारा जून 2025 मध्ये बंद झाला, मी अजून रांगेतच आहे.

सुगरण
काम विचारणारी ती बाई त्याच्या कितीतरी आधी तिथून निघाली. कुटुंबांना 60 दिवसांची मुदत होती. मुलाला शाळा सोडावी लागली, याचंच तिला सगळ्यात वाईट वाटत होतं.