दुचाकीवरचे छळ: सायलेन्सरच्या चटक्यापासून बधिर बोटांपर्यंत

तिरपा स्टँड
मंडळी, कोणती गाडी घ्यावी यावर रकानेच्या रकाने लिहून झालेत. गाडीवर बसल्यावर अंगाला जे सोसावं लागतं, त्यावर मात्र लोक 'होते सवय' म्हणून विषय मिटवतात. चटक्याची कसली सवय होणार? म्हणून हा धागा. किस्से नकोत. त्रास कुठून येतो, का येतो आणि नेमकं काय केलं की थांबतो, एवढंच लिहा.

सुरुवात सायलेन्सरपासून. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे आणि साडीगार्ड डावीकडे असतो, म्हणून डावीकडून चढणं-उतरणं सुरक्षित वाटतं. तरी डाव्या पोटरीला चटके बसतात, ते पार्किंगमध्ये. साइड स्टँडवर ओळीने लावलेल्या गाड्यांत तुम्ही आपल्या गाडीच्या डावीकडे उभे राहता, तेव्हा शेजारच्याचा तापलेला सायलेन्सर तुमच्या पायाशी असतो. हाफ पँट असेल तर गाडी आधी मागे ओढून रांगेबाहेर काढा, मग बसा. लहान मुलांना उजवीकडून उतरू देऊ नका.

चटका बसलाच तर नळाच्या साध्या गार पाण्याखाली 20 मिनिटं धरा. दोन मिनिटं नव्हे, 20. लगेच जमलं नाही तरी तीन तासांच्या आत केलं तर उपयोग होतो. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यातलं काहीही नको. फोड फोडू नका. फोड तळहातापेक्षा मोठा असेल किंवा जागा पांढरी पडून दुखेनाशी झाली असेल, तर सरळ डॉक्टर गाठा.

दुसरा गिअर
सायलेन्सरपेक्षा बेंड पाइप (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतची वाकडी नळी) वाईट, कारण तो इंजिनातून निघतो तिथेच सर्वांत तापतो. एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे बीएस-6 नियम आल्यावर बऱ्याच गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) इंजिनाच्या जवळ आला, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये नडगीला जाणवणारी धगही वाढली. लिक्विड कूल्ड (कूलंट नावाच्या द्रवाने इंजिन गार ठेवणाऱ्या) गाडीत पंखा सुरू झाला की रेडिएटरची गरम हवा थेट गुडघ्याखाली येते. तो बिघाड नाही. पण पंखा उशिरा किंवा सतत चालत असेल, तर कूलंटची पातळी आणि रेडिएटरच्या पट्ट्यांत अडकलेला चिखल बघा.

बेंड पाइपवर ग्लासफायबरची पट्टी गुंडाळण्याची फॅशन आहे. धग कमी होते हे खरं. पण पट्टी पाणी धरून ठेवते आणि साध्या लोखंडी पाइपला पट्टीखाली गंज चढतो. पाइप स्टेनलेसचा नसेल तर कोकणात राहणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये. त्यापेक्षा छिद्रांची पत्र्याची ढाल, क्लिपने पाइपपासून थोडं अंतर ठेवून लावलेली, बरी. मधल्या हवेमुळेच ती कमी तापते. पाइपला चिकटवून बसवली तर काहीच फायदा नाही.

फिरकी
रेनकोटच्या पँटचा उजवा पाय सायलेन्सरवर वितळतो, त्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून. पँटचा घोळ पोटरीला वेल्क्रोच्या पट्टीने आवळा, दुकानात शिवून मिळते. चिकटलेलं प्लास्टिक काढायला गाडी दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, बंद करा, आणि मऊ झालेला थर लाकडी उलथन्याने खरवडा. उरलेला डाग धातूच्या पॉलिशने जातो. रॉकेल, पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरजवळ अजिबात नको. आणि पोंचो घालून गाडी चालवू नये. चेनमध्ये किंवा मागच्या चाकात तो जाणारच.

घाटवाट
आता हात. ताम्हिणी, माळशेज, वरंधा, कुठेही पावसाळ्यात दोन तास चालवा, पहिली तक्रार हातांचीच.

ग्लोव्हज भिजतात ते बहुतेकदा वरून नव्हे, मनगटातून. साध्या सरळ बसायच्या गाडीवर हात कोपरापेक्षा खाली असतो. बाहीवरून ओघळलेलं पाणी उतारानेच जाणार. ग्लोव्हजची लांब मनगटी बाहीच्या वर चढवली की ती नरसाळ्यासारखी सगळं पाणी आत घेते. म्हणून ग्लोव्ह आत आणि रेनकोटची बाही वर, वेल्क्रो घट्ट. हँडल उंच असून हात कोपराच्या वर राहत असेल तर उलट करा.

दुसरी गोष्ट: 'वॉटरप्रूफ' ग्लोव्हजमध्ये पाणी अडवणारा पातळ पडदा चामडं आणि अस्तर यांच्या मध्ये असतो. हात कोरडा राहतो, पण बाहेरचं चामडं चिंब होतं आणि वाऱ्यावर वाळताना हाताची ऊब खेचून घेतं. म्हणजे कोरडे असूनही बोटं गार. शिवाय ओला हात ओढून काढला की अस्तर बोटांतून उलटं बाहेर येतं, मग ते परत जागेवर जात नाही. आधी प्रत्येक बोटाचं टोक सैल करा, मगच काढा.

स्वस्त उपाय: भांडी घासायचे रबरी हातमोजे, सगळ्यांत मोठ्या मापाचे, नेहमीच्या ग्लोव्हजच्या वर. वारा आणि पाणी दोन्ही अडतं. ओली पकड कशी आहे ते आधी पार्किंगमध्येच लिव्हर दाबून बघा; आतून गुळगुळीत असलेले मोजे घसरतात. आत घालायचे तर पातळ नायट्राइलचे घ्या, लॅटेक्सचे नखांशी फाटतात. घाम येतोच, म्हणून थांबाल तिथे बदला.

कोकणकडा
घाटवाट, रबरी मोज्यांवर अर्धी सहमती. पावसात ठीक, पण थंडीत घट्ट मोजा म्हणजे बोटांचं रक्त अडवणं. ग्लोव्ह घालून मूठ आवळल्यावर बोटाच्या टोकाशी थोडी मोकळी जागा उरली पाहिजे. दोन जोड एकावर एक चढवायचे तर बाहेरचा एक माप मोठा.

निफाडच्या पट्ट्यात जानेवारीत पहाटे निघणाऱ्यांनी हिशेब ध्यानात घ्यावा: तापमान 10 अंश आणि वेग 60 असेल तर उघड्या कातडीला साधारण 5 अंशांसारखं लागतं, 5 अंश असतील तर उणे 2 सारखं. आणि छाती-पोट गार पडलं की शरीर आधी हातापायांचं रक्त कमी करतं. म्हणजे बोटं गारठली तर इलाज छातीवर: जॅकेटच्या आत वर्तमानपत्राचे चार-पाच थर, गळ्याला मफलर (टोकं आत खोचलेली!), आणि वारा न शिरणारी चेन. महागड्या ग्लोव्हजआधी हे करून बघा.

उत्तरेत हिवाळ्यात हँडलवर चढवतात ते कापडी मफ आपल्याकडेही मिळतात. छान ऊब देतात. पण 60च्या वेगात वारा त्यांना मागे दाबतो आणि आतली ब्रेक लिव्हर किंचित दाबली जाते. ब्रेक दिवा पेटलेला राहतो, ब्रेक घासत राहतो. मागून कोणाला तरी बघायला सांगा. याच कामाला आडव्या दांडीचे प्लास्टिक हँडगार्ड जास्त खात्रीचे.

दुसरा गिअर
गरम ग्रिप (विजेवर तापणाऱ्या हँडलच्या मुठी) लावणाऱ्यांसाठी. जोडी साधारण 36 वॉटची धरा, म्हणजे 12 व्होल्टवर 3 ॲम्पिअर. छोट्या गाडीची 4 ॲम्पिअर-तासाची बॅटरी इंजिन बंद असताना एवढ्या भाराने तास-सव्वातासात झोपते. 2017 पासून नव्या गाड्यांचा हेडलाइटही इंजिन चालू असताना कायम चालू, तो भार वेगळा. म्हणून थेट बॅटरीला जोडू नका. चार पिनांचा रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) घ्या: 30 नंबरला बॅटरीकडून 5 ॲम्पिअरच्या फ्यूजमधून वायर, 87 ग्रिपकडे, 85 अर्थिंगला, 86 टेललाइटच्या वायरला. किल्ली बंद केली की ग्रिप बंद.

उजव्या ग्रिपच्या वायरीला सैल वळण ठेवा. हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून प्रत्येक वेळी ॲक्सिलरेटर पिळून सोडा. तो आपोआप खटकन मागे आला पाहिजे. अडखळत असेल तर गाडी हलवू नका. सगळं जोडल्यावर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावा. 13.5 व्होल्टच्या वर असेल तर चार्जिंग होतंय. रेस दिल्यावरही 12.5च्या आसपासच रेंगाळत असेल तर ग्रिप तुमच्या गाडीला झेपत नाहीत, विषय संपला.

फिरकी
हेल्मेटच्या काचेवरचं धुकं: भांड्यांच्या लिक्विड सोपचा एक थेंब आतून चोळा, मऊ सुती कापडाने दिसेनासा होईपर्यंत पुसा. पहिला पाऊस संपेपर्यंत टिकतो, मग पुन्हा. पिनलॉकची (धुकं अडवायला दोन पिनांवर बसवायची) आतली काच लावली असेल आणि दोन काचांच्या मध्येच वाफ दिसत असेल, तर कडेची सिलिकॉनची पट्टी टेकत नाहीये. दोन पिना थोड्या फिरवून ताण वाढवा. काच ओली असताना टिश्यू पेपर नको, चरे पडतात. काळी काच पावसात आणि बोगद्यात सक्त मना.

वऱ्हाडी ठेचा
तुम्ही सगळे गारठ्यावर लिहिताय, आमच्याकडे मे महिन्यात 45 अंश. तिथे जाळीचं जॅकेट नुसतं घालून भागत नाही. हवा अंगापेक्षा गरम असली की वारा थंडावा देत नाही, भाजतो. आत सुती बनियन पूर्ण भिजवून पिळून घाला, वर जाळी. सुकलं की पुन्हा भिजवा. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत हे चालत नाही, कारण पाणी वाळतच नाही. प्यायला 1 लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. टाकी काठोकाठ भरू नका, पेट्रोल फुगतं.

तिरपा स्टँड
बूट राहिले. पाणी बुटाच्या चामड्यातून कमी, पँटमधून ओघळून जास्त येतं. म्हणून रेन पँट बुटाच्या बाहेर. मोज्यावर प्लास्टिकची पिशवी चालते, पण ती बुटाच्या आतच. बाहेर चढवली तर फूटरेस्टवर आणि सिग्नलला पाय टेकताना घसरते. ओले बूट सायलेन्सरवर किंवा चुलीशी वाळवू नका, चामडं तडकतं आणि सोलचा गोंद सुटतो. आत वर्तमानपत्र कोंबा, दर दोन तासांनी बदला. डाव्या बुटाच्या नाडीची गाठ आत खोचा, गिअर लिव्हरमध्ये अडकते.

सीटच्या शिवणीतून फोम पाणी पितो आणि ऊन पडलं तरी दोन दिवस बुडाशी ओल देतो. कव्हर काढून फोमवर जाड प्लास्टिक अंथरून पुन्हा बसवून घ्या. सीटवाला अर्ध्या तासात करून देतो.