मदत हवी आहे : आजवा सरोवराकाठी पायी व सायकलने फिरण्याबाबत

नमस्कार मंडळी. तिसऱ्या सयाजीरावांच्या काळात बांधलेले आणि आजही बडोद्याला पिण्याचे पाणी पुरवणारे आजवा सरोवर दांडिया बाजारातून सायकलने गाठून, पुढे काठच्या झाडीतून पायी फिरावे, असा माझा व बाबांचा (वय ६४) विचार आहे. मागच्या खेपेस ओल्या चिखलात शेपूट घासत गेल्याची ठसठशीत खूण दिसली आणि आम्ही मुकाट्याने माघारी वळलो. मगरींपुढे हौस कसली! पाणवठ्यापासून दूर राहणारी, पावसाळ्यानंतरही सायकलला निभणारी वाट कोणती? बांधावर चालण्यास परवानगी लागते का, आणि लागत असल्यास ती कोठे मिळते? अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.