तारणाची ‘खात्री’, ‘हमी’ की ‘भरवसा’?

पानवाचक : एका ख्रिस्ती लेखात तारणाविषयी, म्हणजे देवाने पापातून केलेल्या सुटकेविषयी, ‘तारणाची खात्री’, ‘तारणाची हमी’ आणि ‘तारणाचा भरवसा’ असे तिन्ही प्रयोग एकाच पानावर आलेत. एकच ठेवावा का? शिवाय ‘विश्वासाचे जीवन’ आणि ‘विश्वासू जीवन’ यांत फरक करायचा का?

ओवीकार : सरसकट एक करू नका. हमी देणारा देतो, खात्री ज्याची त्याला पटते, भरवसा कुणावर तरी टाकायचा असतो. म्हणून ‘देवाची हमी’, ‘विश्वासणाऱ्याची खात्री’, ‘ख्रिस्तावर भरवसा’. सिद्धांताचं नाव म्हणून ‘तारणाची खात्री’ हेच रूढ आहे. बायबलच्या नव्या करारातल्या इब्री ११:१ मध्ये ‘भरवसा’ आणि ‘खातरी’ शेजारी शेजारी येतात. अवतरणात ‘खातरी’ असेल तर तिची ‘खात्री’ करत बसू नका.

दौत : क्रियापदाचा काळही तपासा, गोंधळ बहुतेक वेळा तिथेच होतो. इफिस २:८ मध्ये तारण ‘झालेले आहे’. १ करिंथ १:१८ मध्ये ते ‘होत असलेले’ लोक आहेत. रोम ५:९ मध्ये ते पुढे व्हायचं आहे. तिन्ही प्रेषित पौलाच्याच पत्रांत. संपादक सगळीकडे ‘तारण झाले’ करून टाकतो आणि मग पुढच्या परिच्छेदातली जागं राहण्याची ताकीद वाचकाला विसंगत वाटते. १ योहान ३:९ मध्येही हाच घोळ. तिथलं ग्रीक क्रियापद चालू वर्तमानकाळी असल्यामुळे अनेक भाष्यकार ‘पाप करीत राहत नाही’ असा अर्थ घेतात. नुसतं ‘पाप करत नाही’ वाचलं की प्रामाणिक माणूस हादरतो. त्याच पत्राच्या १:८ मध्ये ‘आमच्या ठायी पाप नाही’ म्हणणाऱ्याला आत्मवंचक ठरवलंय, हे तो विसरतो.

सातबारा : या चर्चेत ‘विसार’, म्हणजे सौदा पक्का करताना दिलेली आगाऊ रक्कम, यायलाच हवा. इफिस १:१४ मध्ये पवित्र आत्म्याला ‘आपल्या वतनाचा विसार’ म्हटलंय. मूळ शब्द ‘अर्राबोन’. नव्या करारात तो तीनदाच येतो, बाकीच्या दोन जागा २ करिंथ १:२२ आणि ५:५. शब्द ग्रीकमध्ये सेमिटिक भाषेतून आला. हिब्रूतलं त्याचं रूप उत्पत्ती ३८ मध्ये आहे : यहूदा करडू पाठवीपर्यंत आपली मुद्रा, गोफ आणि काठी तामारेकडे ठेवतो. ते मात्र गहाण, वस्तू परत घ्यायची असते. (व्यवहारातल्या मराठीत त्यालाही ‘तारण’च म्हणतील. पतसंस्थेतलं तारण आणि प्रार्थनामंदिरातलं तारण यांची गल्लत होऊ देऊ नये एवढंच.) विसाराचं तसं नाही. तो परत घ्यायचा नसतो, ठरलेल्या रकमेतच धरला जातो, आणि उरलेली रक्कम भरायची जबाबदारी विसार देणाऱ्यावर येते. इथे देणारा देव आहे. त्यामुळे खात्रीचा भार घेणाऱ्याच्या मनःस्थितीवर पडत नाही. एकदा विसार घेतल्यावर तीच जमीन दुसऱ्याला विकता येत नाही, म्हणून विश्वासू जगणंही यातच आलं.

ओवीकार : शेवटचं वाक्य ताणलेलं आहे. पौल तो मुद्दा विसारावरून काढत नाही. इफिस ४:३० मध्ये तो आत्म्याला खिन्न करू नका म्हणतो, आणि तिथे आधार मुद्रेचा आहे, मुक्तीच्या दिवसापर्यंत शिक्का मारलेला असण्याचा. विसार पहिल्या अध्यायात, आचरणाचे धडे चौथ्यापासून. मधला दुवा शिक्का. लेखात दोन्ही रूपकं असतील तर वेगळी ठेवा.

दौत : मान्य. आता दुसरा प्रश्न. ग्रीक ‘पिस्तिस’मध्ये विश्वास आणि विश्वासूपणा दोन्ही बसतात. गलती ५:२२ मधल्या आत्म्याच्या फळात मराठीने ‘विश्वासूपणा’ घेतलाय, इफिस २:८ मध्ये ‘विश्वास’. मराठीत ठेवणारा विश्वास ठेवतो आणि ज्याच्यावर ठेवता येतो तो विश्वासू. म्हणून ‘विश्वासाचे जीवन’ म्हणजे देवावर विसंबून जगणं, ‘विश्वासू जीवन’ म्हणजे दिलेलं निभावणं. दुसरं पहिल्यातून निघतं. फिलिप्पै २:१२-१३ ची मराठी इथे फार नेमकी आहे : आपले तारण ‘साधून घ्या’, आणि लगेच, ‘साधून देणारा’ देवच आहे. बाराव्या ओवीवर लेख थांबवला की कर्मकांड होतं, तेरावीच तेवढी घेतली की आळस.

पानवाचक : मग खात्री कशावर उभी राहते, असं लेखात नेमकं कसं लिहावं? वाचक सगळ्या पंथांचे आहेत.

सातबारा : पंथाचं नाव घालून लिहा, नाहीतर चुकीचं ठरेल. प्रेसबिटेरियनांचा वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेचा जाहीरनामा (१६४६), प्रकरण १८ : खात्रीचे तीन आधार. देवाची अभिवचनं, अंतःकरणात दिसणाऱ्या कृपेच्या खुणा, आणि आत्म्याची साक्ष (रोम ८:१६). तिथेच म्हटलंय की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही खात्रीसाठी बराच काळ थांबावं लागू शकतं, आणि मिळालेली खात्री डळमळू शकते. म्हणजे खात्री गेली म्हणून तारण गेलं, असं नाही. रिफॉर्म्ड मंडळ्यांची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी (१५६३) मात्र एकविसाव्या प्रश्नातच खात्रीचा भरवसा विश्वासाच्या व्याख्येत घालते. रोमन कॅथलिक बाजूने त्रेंतच्या परिषदेने १५४७ मध्ये, विशेष प्रकटीकरण नसेल तर शेवटपर्यंत टिकण्याची निरपवाद खात्री कुणी सांगू नये, असं ठरवलं. तिथे ‘आशा’ हा शब्द बरोबर बसतो. वेस्लीचे अनुयायी (मेथडिस्ट) आजची खात्री ठामपणे सांगतात, पण मागे फिरणं शक्य आहे असंही मानतात. उत्तर भारत मंडळीत (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) १९७० मध्ये प्रेसबिटेरियन, अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट असे अनेक प्रवाह एकत्र आले, तेव्हा एकाच व्यासपीठावरून यांतलं काहीही ऐकू येऊ शकतं.

ओवीकार : दोन वाक्यं मात्र कुठल्याच पंथाच्या लेखात ठेवू नका. ‘अमुक तारखेला हात वर केला, म्हणून माझे तारण निश्चित’ (सभेत ख्रिस्ताला स्वीकारल्याची खूण म्हणून हात वर करतात) : इथे आधार ख्रिस्ताचा न राहता आठवणीचा होतो. आणि ‘चांगले वागा म्हणजे खात्री मिळेल’ : इथे माणूस रोज रात्री हिशेब मांडतो आणि रोज तोट्यात निघतो. योहानाच्या पहिल्या पत्रातल्या कसोट्या, आज्ञापालन (२:३), बंधुप्रीती (३:१४) आणि येशू हाच ख्रिस्त हा विश्वास (५:१), या ओळखायच्या खुणा आहेत, मिळवायचे गुण नव्हेत. दुसरं वाक्य असं करा : ‘आज्ञापालनात खात्री दृढ होते.’ २ पेत्र १:१० मध्येही पाचारण आणि निवड ‘दृढ करा’ असंच आहे, ‘मिळवा’ नाही.