पडणाऱ्याला मत दिलंय कधी? अनुभव सांगा

23 नोव्हेंबर 2024, विधानसभेचा निकाल. सगळं घर टीव्हीसमोर आणि मी मोबाइलवर आमच्या मतदारसंघाची यादी खाली खाली सरकवतेय. मी मत दिलेला उमेदवार तेराव्या नंबरवर सापडला. 412 मतं.

नवरा म्हणाला, "यासाठी पाऊण तास रांगेत उभी होतीस?" सासूबाईंचा प्रश्न मात्र वेगळाच होता. "बाकीचे चारशे अकरा कोण असतील गं?"

तेव्हापासून हा किडा डोक्यात आहे. माझं कारण साधं होतं. गृहस्थ एकटेच आमच्या सोसायटीत आले, ना गाड्या ना घोषणा, आणि पार्किंगमध्ये उभे राहून नाल्यावर वीस मिनिटं बोलले. कुठल्या पुलाखाली गाळ किती आहे हे त्यांना ठाऊक होतं. मोठ्या दोन पक्षांपैकी एकाचीही माणसं पावसाळ्यानंतर फिरकली नव्हती. मी बटण दाबलं, बस.

तुम्ही कधी असं मत दिलंय का? अट एकच: देतानाच उमेदवार पडणार हे माहीत असायला हवं. प्रचार नको, पक्षांची उणीदुणी नकोत. थोडी होतीलच म्हणा.

ऊसवाला_शिरोळ

आमच्याकडं हातकणंगलेत 2024 च्या लोकसभेला ऊस आंदोलनवाले राजू शेट्टीसाहेब तिसऱ्या नंबरला गेले. त्यांच्या शिट्टी चिन्हाला 1 लाख 79 हजारांवर मतं, तरी तिसरे. त्यातलं एक माझं. पडणार हे आमच्या पारावर शेंबड्या पोरालाबी ठावं हुतं.

आता गंमत बघा. जयसिंगपूरला ऊस परिषद असली की मैदानात पाय ठेवायला जागा नसते. दर मिळाला की तीच माणसं मतदानाला पाव्हण्याकडं बघून बटण दाबत्यात. मी म्हणलं, आंदोलनात ट्रॅक्टर अडवायला आपण, एफआरपीवर (सरकारनं ठरवलेल्या किमान ऊसदरावर) जादा दोनशे खिशात घालणार आपण, मग मत देताना लाज कशाची? पोरगं म्हणालं, "आबा, मत फुकट घालवलंसा." मी म्हणलं, दोनशे घेताना फुकट वाटलं न्हाई का तुला?

वडगावकर_बेळगाव

आमच्या घरात हा प्रश्न तीन पिढ्या जुना आहे. 1956 ला राज्यपुनर्रचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, आणि तेव्हापासून आजोबा, वडील, मी, मत महाराष्ट्र एकीकरण समितीला, बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणणाऱ्या. आमदार यायचे, लोकसभेला मात्र पडायचं हे ठरलेलंच.

1996 च्या लोकसभेला बेळगावात 456 उमेदवार होते. चारशे छप्पन! सीमाप्रश्नाकडं लक्ष वेधायला. त्याच वर्षी पुढे कायदा बदलून लोकसभेची अनामत 500 वरून 10,000 केली, ती अशाच गर्दीमुळं. (आता 25,000 आहे.) वडील त्या निवडणुकीची गोष्ट सांगताना अजूनही दंड थोपटतात.

2021 च्या पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला 1,17,174 मतं पडली. भाजप जिंकलं 5,240 मतांनी. दोन्ही पक्षांच्या मराठी मित्रांनी मला फोन करून शिव्या घातल्या, एकानं तुमच्यामुळं हरलो म्हणून, दुसऱ्यानं तुमच्यामुळं थोडक्यात वाचलो म्हणून. वडील त्या रात्री शांतपणे जेवले. म्हणाले, सीमाप्रश्नाचा खटला दिल्लीत कोर्टात पडून आहे, कुणी विचारलं इथं मराठी किती राहिलेत, तर सांगायला आकडा नको?

खोटं कशाला बोलू, 2018 आणि 2023 ला विधानसभेत समितीचा एकही आला नाही तेव्हा माझाही हात बटणाशी थबकायला लागलाय. पाणी, रस्ते, मुलाची नोकरी, हे कुणाकडं मागायचं? अजून तरी बदललो नाही. बायको बदलली आहे, असा संशय आहे.

टप्पू_सातारा

सगळी मतं एवढा विचार करून पडतात असं समजू नका लोकहो. 2024 च्या लोकसभेला साताऱ्यात 'पिपाणी' चिन्हाच्या अपक्षाला 37,062 मतं मिळाली आणि शरद पवारांच्या पक्षाचा 'तुतारी वाजवणारा माणूस' 32,771 नं पडला. आमची आज्जी त्या 37 हजारांत आहे. तिला अजून वाटतं तिनं पवारांना मत दिलं. आम्ही सांगितलेलं नाही.

नांदेडची_लेक

माझा अनुभव जरा कडू आहे. 2019 ची लोकसभा, मी वंचित बहुजन आघाडीला मत दिलं. वंचितला 1,66,196 पडली, काँग्रेसचे अशोक चव्हाण भाजपकडून 40,148 नं हरले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाऊल टाकलं तर कुणी बोलेना. मग जेवणाच्या सुट्टीत एक सहकारी सगळ्यांसमोर म्हणाले, "भाजपचे बी टीमवाले आले."

मला कुणाला पाडायचं नव्हतं हो. आमच्या वस्तीत तोवर दर निवडणुकीला मतांचा ठेका एकाच घरी जायचा, आणि त्या घरानं एकदा तरी सतरंजी उचलणाऱ्याला तिकीट द्यावं एवढीच आमच्या माणसांची अपेक्षा होती. त्या वर्षी पहिल्यांदा धनगर, बौद्ध, मुसलमान पोरं एका टेम्पोत बसून फिरताना पाहिली. मी त्या टेम्पोला मत दिलं म्हणा.

पाच वर्षं टोमणे ऐकले. लोकशाही तुमच्यामुळं बुडाली इथपर्यंत. खरं सांगायचं तर दोन-तीनदा मलाही वाटलं की चुकलंच. आणि मग फेब्रुवारी 2024 मध्ये चव्हाण साहेब स्वतःच भाजपत गेले. मी त्या सहकाऱ्यांसमोर पेढ्याचा डबा ठेवला. त्यांनी घेतला नाही.

जर्सी_काकू

मी अमेरिकेत, न्यू जर्सीत ग्रीन पक्षाला मत देते, दोनदा दिलंय. इथे 1992 पासून दर वेळी अध्यक्षपदाला डेमोक्रॅटच जिंकतोय, माझ्या मतानं काडीचाही फरक पडत नाही, म्हणून चैन परवडते. नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात घर असतं तर दिलं नसतं. 2000 साली फ्लोरिडात रिपब्लिकन बुश 537 मतांनी जिंकले आणि तिथेच ग्रीनच्या नेडरना 97 हजारांवर मतं होती. आमच्या मंडळातले एक काका फ्लोरिडात असताना त्या 97 हजारांत होते. अजून दर दिवाळीच्या कार्यक्रमात त्यांना कुणीतरी ऐकवतंच. तेव्हा धागाकर्तीबाई, मतदारसंघ बघून वागावं. तत्त्व वगैरे ठीक आहे.

पेडणेकार

गोवा, 2022 ची विधानसभा, फुटबॉल चिन्हाला मत. आरजी, म्हणजे रिव्होल्युशनरी गोवन्स पक्ष. उजो! आमच्या इथे पडले. पण राज्यात नऊ टक्क्यांच्या वर मतं घेतली आणि सांत आंद्रेत 76 मतांनी एक आमदार आला. शहात्तर! गोव्याचा मतदारसंघ म्हणजे पंचवीस-तीस हजार मतदार, इथं 'मत वाया' हे मुंबईवाल्यांनी आम्हाला सांगू नये.

इंजिनवाला_दादर

@पेडणेकार, मुंबईवाल्यांनी ते भोगलंय म्हणून सांगतात. 2009 ला लोकसभेला मी मनसेच्या इंजिनाला दिलं, माझ्या सगळ्या मित्रांनी दिलं. निकाल लागला तर सेनेची मतं फुटून सहाच्या सहा जागा काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीला. बाबा जुने शिवसैनिक. ते काही बोलले नाहीत, फक्त माझ्या ताटातला मासा उचलून बहिणीच्या ताटात ठेवला. विधानसभेला पुन्हा इंजिनालाच दिलं, तेव्हा 13 आले. 2024 ला शून्य. मी अजून देतो, का ते विचारू नका, सवय झाली आहे.

सौ_लातूर

नोटा (वरीलपैकी कुणीही नाही) चालेल का इथे? 2019 च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, 27,500 मतं. माझं त्यात नाही, पण माझ्या जावेचं आहे. ती म्हणते, आयुष्यात पहिल्यांदा माझा उमेदवार दुसरा आला.

जाळीमागचा

मी दुसऱ्या बाजूनं सांगतो. एका अपक्षाचा मतमोजणी प्रतिनिधी होतो, विधानसभेला. नातेवाईक होते, नाही म्हणता आलं नाही. सकाळी सातला हॉलमध्ये. 14 टेबलं, मध्ये जाळी, जाळीच्या अलीकडे आम्ही. मोठ्या पक्षांच्या माणसांकडे छापील तक्ते, थर्मास, चार रंगांची पेनं. माझ्याकडे मुलीची चौकटीची वही.

मशीन उघडलं की कर्मचारी आकडे वाचतो. आमचा आकडा आला की शेजारचे हसायचे. 7. 3. 0. 11. पुन्हा 0. अपक्षाच्या अर्जावर 10 सूचक लागतात. त्यातले दोघे राहतात त्या केंद्रावर आम्हाला 1 मत होतं! दुपारपर्यंत मी त्या दोघांपैकी कोण, याचाच विचार करत होतो. अनामत वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त लागतात, आम्ही त्याच्या आसपासही नव्हतो. 10,000 गेले.

मग एका केंद्राचा आकडा आला 64. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली, पुन्हा विचारलं. 64च. शेजारचा हसायचा थांबला. ते धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचं गाव. तिथं आमच्या नातेवाइकांनी एक वर्ष सातबारावर नावं चढवून द्यायला तहसीलच्या खेपा घातल्या होत्या.

संध्याकाळी फोनवर सगळे आकडे वाचून दाखवले. मला वाटलं 64 चं कौतुक करतील. ते म्हणाले, "ते राहू दे. शून्यवाली किती झाली? नऊ? नावं सांग, लिहून घेतो. तिथं मी गेलोच नव्हतो."