मदत हवी आहे: टीम लीड झाल्यापासून सगळं काम माझ्यापाशी येऊन अडतंय

सात महिन्यांपूर्वी टीम लीड झाले. मला धरून आम्ही सहा जण. त्याआधी नऊ वर्षं निव्वळ कोड लिहिला, आणि बरा लिहिला असं लोक म्हणतात. आता माझा दिवस कुठे जातो हे माझं मलाच सांगता येत नाही.

सकाळी आल्या आल्या रात्रीचे अलर्ट बघायचे. मग स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची उभ्याउभ्याची छोटी बैठक. ठरलेली १५ मिनिटं, जातात ४०, कारण प्रत्येक जण माझ्याकडे बघून बोलतो आणि मी प्रत्येकाला उलटप्रश्न करते. मग प्रॉडक्टवाल्यांबरोबर ‘हे कधी होईल’वाली मीटिंग. दुपारी पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल मुख्य कोडमध्ये घ्या’ ही विनंती) तपासायचे, म्हणजे रिव्ह्यू, आणि मध्येमध्ये कुणाचं तरी ‘दोन मिनिटं आहेत का?’ संध्याकाळी सगळे निघाले की माझं स्वतःचं तिकीट उघडते. डोकं तोवर शिणलेलं असतं, पण निदान शांतता असते.

इथवरचं रडगाणं नेहमीचंच. खरी गोष्ट पुढे आहे आणि ती लिहिताना जरा अवघडायला होतंय.

टीममधल्या सगळ्यात धाकट्याकडे (दीड वर्षाचा अनुभव) ग्राहकांना मेसेज पाठवणाऱ्या सर्व्हिसचं काम होतं. बाहेरच्या गेटवेकडून उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवायचं, असं तीनदा. त्याच्या पीआरमध्ये टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघण्याची मुदत, १० सेकंदांचा होता आणि गेटवे कधीकधी २० सेकंद घेतो. म्हणजे आपण ‘गेला नाही’ म्हणून सोडून द्यायचं, तिकडे मेसेज गेलेला असायचा, आणि आपण तोच परत पाठवायचा. एका माणसाला तेच तीनदा. चूक वाचता वाचताच दिसली.

रात्रीचे साडेदहा झाले होते, रिलीज सकाळी. कमेंट लिहायला घेतली. चार ओळी झाल्या, पुसल्या. म्हटलं, समजावत बसण्यापेक्षा आपणच करून टाकू. त्याच्याच ब्रँचवर (कोडच्या त्याच्या वेगळ्या प्रतीवर) दीड तासात सगळं नव्याने लिहिलं: प्रत्येक मेसेजला एक ‘की’ (ओळखखूण), ती आधी नोंदलेली असेल तर परत पाठवायचं नाही. टेस्ट हिरव्या झाल्या, मर्ज केलं (मुख्य कोडमध्ये मिसळलं), चॅटवर टाकलं, ‘थोडे बदल केलेत, बघून घे.’ सकाळी त्याचा अंगठा आला.

ती ‘की’ मी ग्राहकाचा आयडी, मेसेजचा प्रकार आणि तारीख जोडून बनवली होती. दोन दिवसांनी सपोर्टकडे तक्रारी: एकाच दिवशी दोन ऑर्डरी देणाऱ्यांना दुसऱ्या ऑर्डरीचा मेसेजच येत नाही. ऑर्डर क्रमांक कीमध्ये घ्यायला मी विसरले होते. गिट ब्लेममध्ये (कोणती ओळ कोणी लिहिली याच्या नोंदीत) माझं नाव, तिकिटावर त्याचं.

नंतर बसलो तेव्हा तो अगदी सहज म्हणाला, “दिवसाला दोन ऑर्डरी पुष्कळ जण देतात. सपोर्टवाले मला सांगत असतात.”

मग आधी का नाही बोललास?

“तुम्ही लिहिलं होतं ना.”

तेव्हापासून तो व्हेरिएबलचं नावसुद्धा मला विचारून ठेवतो. बाकीचेही थोडेफार तसेच झालेत, की आधीपासूनच होते आणि मला आता दिसतंय, कोण जाणे.

प्रश्न असे. रिव्ह्यू करताना हात आवरायचा कसा? मी स्वतः कोड किती लिहावा, की सोडूनच द्यावा? काम अडतंय म्हणून मॅनेजर सातवा माणूस द्यायला तयार आहेत, घ्यावा का? आणि अप्रेझल फॉर्ममध्ये ‘वैयक्तिक तांत्रिक योगदान’ असा रकाना आहे. या सात महिन्यांत तिथे लिहिण्याजोगं माझ्याकडे फारसं काही नाही.

अर्धविराम (प्रतिसाद)

रात्री साडेदहानंतर लॅपटॉप उघडू नका. निम्मे प्रश्न तिथेच मिटतील. (माझे नाही मिटले, पण झोप तरी झाली.)

जुनं_खोड

सातव्या माणसाबद्दल आधी बोलतो, कारण ती चूक मी करून बसलोय. सॉफ्टवेअर अभियंते फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की रखडलेल्या प्रकल्पावर माणसं वाढवली की तो आणखी रखडतो. हिशेब सोपा आहे. सहा माणसांत बोलणाऱ्या जोड्या १५, सात झाले की २१. पण तुमच्याकडे १५ जोड्या बोलतायत असं मला दिसत नाही. तुमच्याकडे पाचच तारा आहेत आणि पाचही तुमच्याशी जोडलेल्या. सातवा आला की सहावी तार येईल, तीही तुमच्याकडेच. त्याला कामाला लावायचा वेळ कोण देणार? तुम्हीच. तेव्हा आत्ता नको.

कोड सोडू नका. मात्र ज्याची कुणी वाट बघत बसणार नाही असाच घ्या. कधी पास कधी फेल होणाऱ्या टेस्ट, मंदावलेला बिल्ड, कुणालाच न समजणारे लॉग. मीटिंगमुळे चार दिवस पडून राहिलं तरी स्प्रिंट (ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा) अडत नाही, आणि झालं की सगळे दुवा देतात. रिलीजच्या वाटेवरचं तिकीट लीडने स्वतःच्या नावावर घेऊ नये या मताचा मी आहे. लोक भांडतात माझ्याशी यावरून.

नल_पॉइंटर

रिव्ह्यूबद्दल. आमच्याकडे प्रत्येक कमेंटच्या सुरुवातीला एक शब्द लिहायचा असतो: ‘अडतंय’, ‘सुचवतेय’ किंवा ‘सहज’. ‘अडतंय’ असेल तरच मर्ज थांबतं, बाकीचं घ्यायचं की नाही ते लिहिणाऱ्याने ठरवायचं. पहिल्या आठवड्यात मला कळलं की माझ्या बहुतेक कमेंटी ‘सहज’ होत्या आणि लोक त्या हुकूम समजून पाळत होते.

पीआरचा आकारही बघा. किती ओळींचा होता तो? सिस्कोमध्ये झालेल्या कोड रिव्ह्यूच्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. त्यातला सल्ला एका वेळी २०० ते ४०० ओळींच्या पुढे जाऊ नका असा होता, त्यापुढे चुका कमी सापडतात. टाइमआउट आणि रिट्रायचा निर्णय तर एक ओळ कोड लिहिण्याआधी पांढऱ्या फळ्यासमोर व्हायला हवा होता. तिथे त्यानेच दोन ऑर्डरींचं सांगितलं असतं. रिलीजच्या आदल्या रात्री ते कळणं म्हणजे रिव्ह्यू फार उशिरा होतोय.

मूळ धागालेखिका

१,१०० ओळी होत्या. लिहितानाच लाज वाटतेय.

तिसरी_घंटा

स्टँडअपवरून एक. तुम्ही आठवडाभर जाऊच नका. खरंच सांगतेय. ती बैठक काम करणाऱ्यांची एकमेकांत आहे, लीडला हजेरी द्यायची नाही. ‘काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय’ हे तीन प्रश्नसुद्धा स्क्रम गाइडच्या (स्क्रम या कामाच्या पद्धतीच्या अधिकृत पुस्तिकेच्या) २०२० च्या आवृत्तीतून काढून टाकलेत. आम्ही माणसागणिक फिरत नाही, बोर्डावर उजवीकडून डावीकडे जातो. जे तिकीट संपायला सगळ्यात जवळ आलंय ते आधी, आणि ते पुढे सरकायला कोण काय करणार. बारा मिनिटांत आटपतं.

आणि त्या मुलाशी बोललात का? झालेल्या चुकीचं टिपण कोणी लिहिलं? तुम्हीच ना?

मूळ धागालेखिका

हो, मीच. त्यात ‘कीच्या रचनेत त्रुटी राहिली’ असं कर्ता नसलेलं वाक्य लिहिलं होतं. तुमचा प्रश्न वाचून परत उघडून बघितलं.

दोन आठवड्यांनी परत लिहितेय. मागच्या महिन्याचे पीआर मोजले. २६ पैकी २१ माझ्या मंजुरीसाठी थांबले होते आणि सरासरी थांबणं दीड दिवसाच्या वर. म्हणजे सातव्या माणसाचंही कामच थांबलं असतं. मॅनेजरना हाच आकडा दाखवला, सध्या नको म्हणाले.

मंजुरी आता टीममधल्या कुणाही दोघांची चालते. पहिल्या दिवशी मी रिपॉझिटरीच्या सेटिंगमधून माझं नाव काढलं, संध्याकाळी परत घातलं, रात्री परत काढलं. तिथे बदलांची नोंद राहते आणि ती सगळ्यांना दिसते, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यावर चेष्टा अजून चालू आहे.

टिपण बदललं. ‘मी त्याला न विचारता कोड बदलला, आणि ज्याला माहिती होती त्यालाच विचारायचं राहिलं’ असं लिहून टीमला पाठवलं. तो त्यावर काही बोलला नाही. पण परवा त्याच्या पीआरवर मी ‘सुचवतेय’ लावून डेटाबेसमधलं एक टेबल वेगळं करायला सांगितलं, तर त्याने उत्तर दिलं की नको, त्याने दर वाचनाला एक जॉइन (दोन टेबलं जोडून वाचणं) वाढेल आणि हे वाचन दिवसभर चालतं. मला अजूनही माझंच बरोबर वाटतंय. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मर्ज झालं.

स्टँडअपला चार दिवस गेले नाही. पाचव्या दिवशी राहवलं नाही, मागे उभी राहिले. कुणी वळून बघितलं नाही. बरंही वाटलं आणि थोडं वाईटही.

अप्रेझलच्या रकान्याचं मात्र कुणीच सांगितलं नाही. फॉर्म शुक्रवारी भरायचाय.